उत्तर किती वेळा द्यावं?

छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या वाटेवर नागसेनवनाचा परिसर लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली या शहरात महाविद्यालय सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. महाविद्यालयाला नाव मिळालं मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला यवन राजा मिनँडर. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजच्या पाकिस्तानातलं सियालकोट. नागसेन हा त्याच्या प्रश्नांना पुरून उरलेला भिक्षू. या दोघांच्या चर्चेचा पाली ग्रंथ ‘मिलिंदपञ्ह’ म्हणून प्रसिद्ध आहे. समोरच्याचं म्हणणं पटलं की ते उघडपणे मान्य करायचं, हा मिलिंदाचा प्रामाणिकपणा बाबासाहेबांना मोलाचा वाटला आणि म्हणून हरलेल्या वादीचं नाव महाविद्यालयाला मिळालं.

हा ग्रंथ बौद्ध तत्त्वज्ञानासाठी वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. पण चर्चा कशी चालवावी, प्रश्न किती विचारावेत, उत्तर किती वेळा आणि किती लांब द्यावं, हेही त्यात पानोपानी दिसतं. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेपासून साहित्य संमेलनातल्या परिसंवादापर्यंत सगळीकडे हाच पेच उभा राहतो. एका वक्त्यानं मत मांडलं आणि त्यावर सात जण बोलले, तर त्यानं सातही जणांना वेगवेगळं उत्तर द्यावं की सगळ्यांना मिळून एकच? एकदा उत्तर देऊन झालं आणि पुन्हा कोणी बोललं, तर पुन्हा उभं राहावं का?

नागसेन आणि मिलिंद यांची पहिलीच भेट पाहा. राजा नाव विचारतो. भिक्षू म्हणतो, लोक मला नागसेन म्हणतात, पण हे नुसतं नाव. या नावामागे कायम टिकणारी कोणी व्यक्ती सापडत नाही. राजा तिथं जमलेल्या पाचशे यवनांकडे आणि ऐंशी हजार भिक्षूंकडे वळतो, हे विधान त्यांच्यासमोर ठेवतो आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू करतो. केस म्हणजे नागसेन का? नखं? दात? त्वचा? असं करत शरीराचा एकेक भाग घेत तो मेंदूपर्यंत जातो, पुढे वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान यांच्याबद्दल विचारतो. नागसेन प्रत्येक वेळी फक्त नाही म्हणतो. इतक्या प्रश्नांना इतकी उत्तरं, पण एकाही ठिकाणी भाषण नाही. प्रश्न ज्या मापाचा, उत्तरही त्याच मापाचं. प्रश्नांची साखळी अजून पुरी व्हायची आहे, हे त्याला कळतं, म्हणून तो मध्येच आपला सिद्धांत समजावून सांगायला लागत नाही.

साखळी संपते. राजा म्हणतो, म्हणजे नागसेन नावाचं कोणी नाहीच आणि तुम्ही खोटं बोललात. आता मोठं उत्तर द्यायची वेळ आली, तरी नागसेन आधी एक प्रश्न विचारतो: महाराज, आपण इथं चालत आलात की वाहनानं? रथानं, असं उत्तर येतं. मग दांडी म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, जू, लगाम, पराणी? राजाही प्रत्येक वेळी नाही म्हणतो. तेव्हा नागसेन त्याच पाचशे यवनांकडे आणि त्याच भिक्षूंकडे वळून राजाचे शब्द राजाला परत करतो: रथानं आलो म्हणतात आणि रथ तर दाखवता येत नाही. सभा दाद देते. यवन आपल्या राजालाच म्हणतात, आता जमत असेल तर उत्तर द्या. राजा विचार करून सांगतो की आस, चाकं, दांडी यांच्या आधारानंच रथ हे नाव वापरलं जातं. नागसेन म्हणतो, माझ्या नावाचंही तेच. राजा मोकळेपणानं वाहवा करतो.

दोघंही एकमेकांशी बोलतात, पण प्रत्येक निर्णायक वळणावर सभेकडे तोंड करतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. उत्तर समोरच्या एका माणसाला द्यायचं असतं आणि ते ऐकणारे कितीतरी असतात. आपण पाचव्यांदा उभं राहतो तेव्हा प्रतिपक्षाचं समाधान होतं की नाही, एवढंच आपल्या मनात असतं. बाकीच्या माणसांना त्या पाचव्या उत्तरातून काही मिळणार आहे का, हा विचार सुटतो. सभेत दोघांचीच जुगलबंदी चालू राहिली की इतरांची नजर घड्याळाकडे जाते, आणि ज्यांना खरोखर काही विचारायचं होतं ते न विचारताच उठून जातात. हे नुकसान कुठल्याही इतिवृत्तात नोंदलं जात नाही.

ओळख झाल्यावर राजा विचारतो, माझ्याशी पुढेही चर्चा कराल का? नागसेन अट घालतो. पंडितांच्या रीतीनं बोलणार असाल तर करीन, राजांच्या रीतीनं बोलणार असाल तर नाही. राजा फरक विचारतो. पंडितांच्या चर्चेत गाठ बांधली जाते आणि सोडवली जाते, आक्षेप येतो, चूक दाखवली जाते आणि कबूलही केली जाते, भेद केले जातात आणि त्यांना उलट भेदांनी उत्तर मिळतं, तरीही पंडित रागावत नाहीत. राजे एक मत मांडतात आणि जो ते मानणार नाही त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद पंडितांची रीत पत्करतो. एखाद्या भिक्षूशी, श्रामणेराशी, उपासकाशी किंवा विहारातल्या सेवकाशी बोलावं तसं माझ्याशी निर्धास्त बोला, असं तो सांगतो. सत्ता असलेल्या माणसानं चर्चेला बसण्याआधी स्वतःहून असं सांगणं किती अवघड असतं, हे ज्यांनी कार्यालयातल्या बैठका पाहिल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. संस्थेचा अध्यक्ष प्रत्येक सभासदाच्या बोलण्यावर लगेच, प्रत्येक वेळी, शेवटचा शब्द स्वतःचा ठेवून उत्तर देतो तेव्हा त्याची भाषा कितीही नम्र असली तरी चर्चा राजांच्याच रीतीनं चाललेली असते.

आता पुन्हा पुन्हा उत्तर देण्याचा मुद्दा. मिलिंदपञ्हात नागसेन एकाच प्रश्नावर दोनदा, तीनदा बोलतो, पण ते ठरावीक पद्धतीनं. तो उत्तर देतो. राजाला अजून नीट उमगलेलं नसतं, तो दृष्टान्त मागतो. नागसेन दृष्टान्त देतो. राजा आणखी एक मागतो. तो मिळाला आणि पटला की तसं सांगून पुढच्या प्रश्नाकडे जातो. दुसरं उत्तर ऐकणाऱ्यानं मागितलेलं असतं, आणि त्यात आधी नसलेलं काहीतरी असतं.

पुनर्जन्माचा प्रश्न घ्या. जो जन्मतो तो आधीचाच असतो की दुसरा? नागसेन म्हणतो, तोही नाही आणि दुसराही नाही. राजा दृष्टान्त मागतो. पहिला दृष्टान्त राजाच्याच आयुष्याचा: उताणं पडलेलं तान्हं बाळ आणि आजचा मोठा राजा एकच का? राजा म्हणतो, नाही. तसं असेल तर कोणाला आई नाही, गुरू नाही, शिकून शहाणा झालेला कोणी नाही, असं म्हणावं लागेल. दोघं सर्वस्वी वेगळे आहेत हा तर्क इथं मोडतो. दुसरा दृष्टान्त रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचा. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नव्हे, तरी रात्रभर उजेड त्या एकाच दिव्याचा. सगळं जसंच्या तसं टिकून राहतं हा समज या दृष्टान्तानं जातो. तिसरा दुधाचा: दुधाचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप. दूध म्हणजेच तूप असं म्हणता येत नाही, पण दुधाशिवाय तूप झालंही नसतं. एका प्रश्नाला मिळालेल्या या तीन उत्तरांत एकाचं काम दुसऱ्यानं केलेलं नाही. उत्तरांची संख्या मोजणारा इथं नागसेनाला बोलभांड ठरवेल, आणि ते चुकीचं होईल.

सगळ्या प्रश्नांना उत्तर द्यायलाच हवं असंही तो मानत नाही. बौद्ध परंपरेत प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत आणि नागसेन ते राजाला उलगडून सांगतो. काहींना सरळ उत्तर द्यायचं, काहींना फोड करून, काहींना उलट प्रश्न विचारून, आणि काही बाजूला ठेवायचे. जग शाश्वत आहे का, हा शेवटच्या प्रकारातला. मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्षूच्या अशा प्रश्नांना बुद्धानं उत्तर दिलं नाही, ते माहीत नव्हतं म्हणून की काही लपवायचं होतं म्हणून, असा पेच राजा टाकतो. नागसेन सांगतो, यातलं कोणतंही कारण नव्हतं. तो प्रश्नच बाजूला ठेवण्याजोगा होता. गावच्या ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवर चर्चा चालली असताना कोणी दहा वर्षांपूर्वीच्या निवडणुकीचा विषय काढला, तर तो बाजूला ठेवणं म्हणजे पळ काढणं नव्हे. मात्र बाजूला ठेवतो आहोत हे उघडपणे सांगावं. गप्प बसलं की ऐकणाऱ्याला वाटतं, माझं ऐकलंच नाही.

याच ग्रंथात पुढच्या कठीण प्रश्नांना हात घालण्याआधी राजा स्वतः नियम सांगतो. मसलत कुठं करू नये याच्या आठ जागा तो सांगतो; त्यात वाऱ्याची जागा, रस्ता, पूल, पाणवठा अशा जागा येतात. मग मसलत बिघडवणारी आठ प्रकारची माणसं: आसक्तीनं, द्वेषानं, मोहानं, अहंकारानं बोलणारा, लोभी, आळशी, एकच एक विचार धरून बसलेला आणि मूर्ख. एकच विचार धरून बसणाऱ्याला मूर्खाहून वेगळं स्थान दिलंय, हे बारकाईनं पाहण्यासारखं आहे. तो हुशार असतो, अभ्यासूही असू शकतो. पण कोणीही काहीही बोललं तरी त्याचं उत्तर फिरून तिथंच येतं. सभेत सगळ्यात जास्त वेळा उभा राहणारा माणूस बहुधा हाच असतो, आणि आपण सभेचं भलं करतो आहोत अशी त्याची मनापासून खात्री असते.

हीच गोष्ट न्यायशास्त्रानं नियमांत बांधली. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात वादात हार मानली जावी अशी २२ निग्रहस्थानं सांगितली आहेत. त्यातलं एक पुनरुक्त: तेच शब्द किंवा तोच अर्थ पुन्हा मांडणं. त्याला अपवाद अनुवादाचा, म्हणजे काही कारणासाठी जाणूनबुजून केलेल्या पुनरुच्चाराचा. दुसरं अधिक: एका हेतूनं किंवा एका उदाहरणानं काम होत असताना जास्त मांडणं. म्हणजे खऱ्या मुद्द्याच्या बाजूनंही गरजेपेक्षा जास्त बोललात तर तो दोषच. आणखी दोन जागी तीनचा आकडा येतो. वादीनं तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिवादीला कळलं नाही, तर हार वादीची. उलट, सभेला समजलेलं आणि तीनदा सांगितलेलं म्हणणं प्रतिवादीला आपल्या तोंडानं मांडता आलं नाही, तर हार प्रतिवादीची. ही वाटणी मला अतिशय न्याय्य वाटते. समजावून सांगायला तीन संधी मिळतात. त्यानंतर न समजल्याचा दोष ऐकणाऱ्यावर ढकलता येत नाही. आणि उत्तर द्यायचं तर समोरच्याचं म्हणणं आधी त्याला मान्य होईल असं मांडून दाखवायचं. हा एक नियम पाळला तरी निम्मी प्रत्युत्तरं अनावश्यक ठरतील, कारण बरीचशी भांडणं न म्हटलेल्या गोष्टींवर चाललेली असतात.

आधुनिक सभाशास्त्रानं याच प्रश्नाला वेळेचं आणि पाळीचं उत्तर दिलं. अमेरिकी सैन्यातले अभियंता हेन्री रॉबर्ट यांना १८६३ साली चर्चमधली एक सभा चालवताना ती आवरता आली नाही. त्या अनुभवातून अभ्यास सुरू झाला आणि १८७६ साली त्यांचं सभानियमांचं पुस्तक आलं. त्यात एका प्रश्नावर एका सदस्याला दोनदा बोलता येतं, आणि ज्यांना बोलायचं आहे ते सगळे एकेकदा बोलून होईपर्यंत कोणाची दुसरी पाळी येत नाही. आपल्या लोकसभेचा नियम ३५८ आणखी कडक आहे: एका प्रस्तावावर एका सदस्यानं एकदाच बोलायचं. उत्तर देण्याचा हक्क प्रस्ताव मांडणाऱ्याला, तोही सगळ्यांचं झाल्यावर. त्याच्या उत्तरानं चर्चा संपते. अध्यक्षांच्या परवानगीनं वैयक्तिक खुलासा करता येतो. कोणी आपल्या तोंडी भलतं वाक्य घातलं तर ते दुरुस्त करायला उभं राहणं हे दुसरं भाषण ठरत नाही. रोजच्या बैठकीतही हा भेद उपयोगी पडतो. चूक दुरुस्त करायची असेल तर तेवढंच बोलून लगेच खाली बसावं. दुरुस्तीच्या निमित्तानं मूळ भाषण पुन्हा सुरू करू नये.

सात जणांना एक उत्तर कसं द्यावं, याचा वस्तुपाठ पुन्हा बाबासाहेबांकडेच सापडतो. घटना समितीत मसुद्याच्या एकेका अनुच्छेदावर सदस्य दुरुस्त्या मांडत, मग चर्चा होई आणि शेवटी मसुदा समितीचे अध्यक्ष उत्तर देत. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी मसुद्यातला अनुच्छेद १०, आजचा अनुच्छेद १६, चर्चेला होता. सरकारी नोकरीतली समान संधी आणि मागास वर्गासाठी राखीव जागा, असा तो विषय. मागास म्हणजे कोण, हा शब्द ठेवावा की काढावा, यावर सदस्यांनी अनेक बाजूंनी आक्षेप घेतले. बाबासाहेबांनी प्रत्येक वक्त्याला क्रमानं उत्तर देण्याऐवजी सगळ्या आक्षेपांमागे तीन दृष्टिकोन आहेत असं आधी दाखवलं. एक, सर्व नागरिकांना समान संधी हवी. दोन, ते तत्त्व खरोखर अमलात यायचं तर कोणत्याही वर्गासाठी राखीव जागा नकोत. तीन, आजवर प्रशासनाबाहेर ठेवल्या गेलेल्या समाजांना आत येण्याची सोय हवी. मग या तिघांचा मेळ घालताना राखीव जागा अल्पसंख्य का असाव्यात आणि मागास हा शब्द का लागतो, ते त्यांनी सांगितलं. ही रचना वकिलांचं नंदनवन ठरेल, या टी. टी. कृष्णम्माचारींच्या टीकेलाही त्यांनी त्याच भाषणात उत्तर दिलं. ज्यांनी आक्षेप घेतला होता त्यातल्या प्रत्येकाला आपला मुद्दा त्या तिघांपैकी कुठल्यातरी दृष्टिकोनात सापडतो, आणि ऐकणाऱ्याला मात्र सात तुकड्यांऐवजी एक सलग विचार मिळतो. परिसंवादात चार प्रश्न एकदम घेणारा वक्ता हेच करतो, जर त्यानं प्रश्न लिहून घेतले असतील तर. लिहून न घेता आठवणीवर दिलेल्या एकत्र उत्तरात सोयीचे प्रश्न राहतात आणि अडचणीचे गळतात.

लिखित वादात त्यांनी याहून पुढचं पाऊल टाकलं होतं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि तिथं न झालेलं भाषण त्यांनी १९३६ साली स्वतः छापलं. गांधीजींनी जुलै १९३६ मध्ये ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे लेख परिशिष्ट म्हणून जोडले आणि त्यानंतर आपलं उत्तर. उत्तरात गांधीजींचे मुद्दे आधी एकेक करून मांडले, मग त्यांचा परामर्श घेतला. वाचकाला दोन्ही बाजू एकाच पुस्तकात मिळाल्या. गांधीजींचं म्हणणं बाबासाहेबांनी नीट मांडलं की नाही, हे तो पानं उलटून स्वतः तपासू शकत होता. उत्तर देणाऱ्यानं स्वतःवर घालून घेतलेली याहून कडक अट मला माहीत नाही.

स्वतंत्र उत्तराची जागाही असते, हे सांगायला हवं. एखाद्यानं वेगळाच, फक्त त्याच्यापुरता प्रश्न विचारला असेल, तर त्याचं उत्तर सामुदायिक उत्तरात कोंबणं हा त्याच्यावर अन्याय होतो. प्रथमच बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाला तर नाव घेऊन, त्याच्याकडे पाहून उत्तर द्यावं. सभेत नव्या माणसाचा प्रश्न इतरांच्या गठ्ठ्यात गेला की तो पुन्हा हात वर करत नाही.

घटना समितीत मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या आणि त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. हे आकडे बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात दिले. त्या भाषणानंतर त्या विषयावर त्यांना प्रत्युत्तर द्यायला कोणी उभं राहणार नव्हतं, चर्चेतला शेवटचा शब्द त्यांचा होता. त्या वेळी त्यांनी पक्षशिस्त न मानता पुन्हा पुन्हा आक्षेप घेणाऱ्या सदस्यांची नावं घेतली: ह. वि. कामत, विदर्भातले डॉ. पंजाबराव देशमुख, सिधवा, सक्सेना, ठाकुरदास भार्गव, के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू. त्यांच्या सूचना आपण स्वीकारू शकलो नाही, पण त्यामुळे त्या सूचनांचं मोल कमी होत नाही आणि सभागृहाची त्यांनी केलेली सेवाही कमी ठरत नाही, असं सांगून त्यांनी त्या सर्वांचे आभार मानले.